जपानी येत नसताना एकटीने जपानला जावे का?

वाचकाचे पत्र : मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहते. वय ५९. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. घराजवळच्या पु. ल. देशपांडे उद्यानात रोज सकाळी फिरायला जाते. हे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केले आहे, असे कळल्यापासून ती मूळ बाग एकदा पाहावी असे मनात आहे. येत्या नोव्हेंबरमध्ये चौदा दिवस एकटीने जाण्याचा विचार आहे. सहल कंपनीबरोबर जायचे नाही, कारण एका बागेत दोन तास नुसते बसायचे असेल तर तिथे कोणी थांबत नाही. जपानी अजिबात येत नाही. इंग्रजी वाचता-लिहिता येते, बोलताना अडखळते. शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. मुलगा म्हणतो, "आई, तिथे रस्ता चुकलीस तर विचारणार कोणाला आणि कशात?" त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी जावे का?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तुमच्या मुलाचा प्रश्न मला टाळायचा नाही, कारण तो काळजीपोटी विचारलेला असला तरी अगदी नेमका आहे. रस्ता चुकल्यावर कोणाला आणि कशात विचारायचे याची तयारी घरी बसून करता येते, आणि ती केलेली नसेल तर जपानसारख्या सुरक्षित देशातही माणूस पहिल्याच दिवशी रडकुंडीला येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असेच झाले होते. अंधार पडला होता, फोनची बॅटरी संपली होती, आणि हॉटेलचा रस्ता विचारण्यासाठी ज्या तीन-चार जणांना मी थांबवले त्या साऱ्यांनी अतिशय नम्रपणे माफी मागितली व ते पुढे निघून गेले. शेवटी एका कागदावर हॉटेलचे नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून मी एका शाळकरी मुलापुढे धरले, तेव्हा त्याने ते क्षणभर वाचले आणि मला थेट दारापर्यंत आणून सोडले. त्या संध्याकाळपासून माझी खात्री झाली आहे की जपानमध्ये बोलता न आल्याने फारसे अडत नाही. दाखवण्यासारखे लिहिलेले काही जवळ नसले, तर मात्र अडते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जपानमधील माणूस शाळेत काही वर्षे इंग्रजी शिकलेला असतो, परंतु ते शिक्षण मुख्यतः वाचण्या-लिहिण्याचे असते, आणि आपले बोलणे चुकेल या संकोचाने तो परक्या माणसासमोर तोंड उघडण्याचे टाळतो. तुम्ही स्वतःच्या इंग्रजीविषयी जे लिहिले आहे, तेच त्याचेही आहे. वाचता येते पण बोलताना अडखळते अशी दोन माणसे समोरासमोर उभी असतील, तर मध्ये कागद आणणे हाच शहाणपणा ठरतो. म्हणून तुमच्या सामानातील सर्वांत महत्त्वाची वस्तू मी एक छोटी, पक्क्या बांधणीची वही आणि दोन पेने अशी धरते. फोन असेलच, पण वहीची बॅटरी संपत नाही, आणि अनोळखी माणसाच्या हाती फोन देण्यापेक्षा वही देणे दोघांनाही सोपे जाते.

त्या वहीच्या पहिल्या पानांवर प्रत्येक मुक्कामाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक जपानी लिपीत छापून चिकटवा, आणि शेजारी तेच रोमन लिपीत लिहा. जपानमधील बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. वस्तीचे विभाग, विभागातले गट आणि गटातील इमारतीचा क्रमांक अशा उतरत्या क्रमाने पत्ता लिहिला जातो, त्यामुळे "अमुक रस्त्यावर कसे जायचे" हा आपला नेहमीचा प्रश्न तिथे लागूच पडत नाही. जपानी लिपीतला पत्ता दाखवला की टॅक्सीचालक तो आपल्या यंत्रात भरतो, पोलीस चौकीतला शिपाई भिंतीवरच्या नकाशात बोटाने दाखवतो. 'कोबान' म्हणतात त्या या छोट्या चौक्या स्थानकांजवळ आणि मोठ्या चौकांत असतात, आणि रस्ता सांगणे हे तिथल्या शिपायांच्या रोजच्या कामांपैकी एक आहे. "विचारणार कोणाला" या प्रश्नाचे पहिले उत्तर मुलाला हेच द्या.

आता "कशात" याविषयी. तुम्हाला जपानी भाषा शिकायला मी सांगणार नाही, तेवढा वेळ नाही. पण जपानीच्या तीन लिप्यांपैकी एक, काताकाना, तुम्ही जाण्यापूर्वी वाचायला शिकावी असा माझा आग्रह आहे. तिची मूळ अक्षरे ४६ आहेत. रोज अर्धा तास दिला तर तीन आठवड्यांत ती ओळखता येतात, आणि मराठी माणसाला यात एक अनपेक्षित सोय आहे. त्या अक्षरांचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ या स्वरांनी सुरू होतो आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व अशा ओळींनी जातो. हा क्रम आपल्या वर्णमालेशी जुळतो तो योगायोगाने नव्हे. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अध्ययनाबरोबर जी ध्वनिव्यवस्था तिकडे नेली तिचा तो ठसा आहे. तेव्हा तुम्ही बाराखडीचा तक्ता आखा, जपानी अक्षर शेजारी काढा आणि पाठ करा.

काताकानाच का, असे तुम्ही विचाराल. परभाषेतून आलेले शब्द जपानीत याच लिपीत लिहितात, आणि त्यांतले पुष्कळसे इंग्रजीतून आलेले आहेत. म्हणजे अक्षर वाचता आले की अर्थ आपोआप लागतो. होतेरु म्हणजे हॉटेल, बासु म्हणजे बस, मिरुकु म्हणजे दूध, चीझु म्हणजे चीज, तोइरे म्हणजे स्वच्छतागृह. जपानीत ल नाही, त्याच्या जागी र येतो, एवढे एकदा ध्यानात आले की निम्मे कोडे सुटते. पाव विकणाऱ्या दुकानावर 'पान्' असे लिहिलेले दिसेल. आपला पाव आणि त्यांचा पान् हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आलेले आहेत, आणि हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा त्या दुकानासमोर परकेपणा बराच कमी वाटला होता. चित्रलिपीतली शेकडो अक्षरे शिकण्याच्या भानगडीत पडू नका. दोन मात्र ओळखून ठेवा. रिकामा चौकोन म्हणजे तोंड, म्हणजेच दार. त्याच्या आधी एकावर एक ठेवलेल्या दोन डोंगरांसारखे अक्षर असेल तर ती बाहेर जायची वाट, आणि छपराच्या दोन उतरत्या रेघांसारखे अक्षर असेल तर ती आत यायची.

उच्चारांत तर मराठी माणसाला धाकधूक बाळगण्याचे कारणच नाही. अनेकांना जड जाणारा 'त्सु' हा उच्चार आपल्या 'चुना' या शब्दाच्या पहिल्या अक्षराजवळ जातो. 'आरिगातो गोझाइमास्' (आभारी आहे) मधला झा हा 'जागा' मधल्या जा सारखा म्हणावा. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र शाळेतल्या शुद्धलेखनाइतकेच लक्ष हवे. ओजिसान् म्हणजे काका आणि ओजीसान् म्हणजे आजोबा, जसे आपल्याकडे पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे जल. पाच शब्द तोंडपाठ करा. कोणाला थांबवायचे असेल तर 'सुमिमासेन्', काही हवे असेल तर वस्तूकडे बोट करून 'कोरे, ओनेगाइ शिमास्', नको असेल तर 'दाइजोबु देस्', कुठे आहे हे विचारायचे तर 'दोको देस् का', आणि शेवटी आभार. दुकानातला गल्ल्यावरचा माणूस भरभर काही विचारतो तेव्हा नवखी व्यक्ती गोंधळते. ते प्रश्न बहुधा तीनच असतात: पिशवी हवी का, पदार्थ गरम करून देऊ का, दुकानाचे सवलत कार्ड आहे का. तिन्हींना 'दाइजोबु देस्' हे उत्तर चालते. पैशाचा आकडा यंत्रावर दिसतो आणि पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे असतात, त्यामुळे तिथेही भाषा लागत नाही.

यापेक्षा अवघड गोष्ट आहे ती ऐकलेल्याचा अर्थ लावण्याची. तुम्ही विचाराल, "ही गाडी क्योटोला जाते ना?" आणि समोरचा म्हणेल, "हाइ." शब्दकोशात 'हाइ' म्हणजे होय. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो आपल्या "हं, हं" सारखा असतो, म्हणजे तुमचे बोलणे माझ्या कानावर आले एवढाच त्याचा अर्थ. मी या एका शब्दावर विसंबून एकदा भलत्याच बसमध्ये अर्धा तास बसले होते. म्हणून ज्याचे उत्तर हो किंवा नाही असे येते तो प्रश्नच विचारू नये. वहीत 'क्योटो' लिहून दाखवावे, 'दोको देस् का' म्हणावे आणि समोरचा कोणत्या दिशेला हात करतो ते पाहावे. नकाराचेही तसेच आहे. तोंडावर "नाही" म्हणणे त्यांना कठोर वाटते. ते श्वास आत ओढून, मान किंचित वाकडी करून, 'चोत्तो' एवढाच शब्द अर्धवट सोडून देतात. त्याचा शब्दशः अर्थ 'थोडेसे' असा आहे, पण आपण लग्नाचे आमंत्रण देणाऱ्याला "बघू, जमलं तर येतो" म्हणतो तसा तो स्पष्ट नकार असतो. 'चोत्तो' ऐकले की आग्रह न धरता आभार मानून पुढे जावे. नाकासमोर पंजा डावीकडे-उजवीकडे हलवला तर तोही नकारच. त्यात तुमचा अपमान नसतो.

गाड्यांविषयी तुमच्या मनात भीती असेल, तर ती मला सर्वांत कमी वाटते. टोकियोच्या भुयारी रेल्वेत प्रत्येक मार्गाला एक रोमन अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला एक क्रमांक २००४ सालापासून दिलेला आहे. गिंझा मार्गाचे अक्षर जी आहे. शिबुया जी-०१, उएनो जी-१६, असाकुसा जी-१९. नावे वाचण्याची गरज नाही. उएनोहून असाकुसाला जाताना पुढच्या स्थानकाचा आकडा वाढला तर दिशा बरोबर आहे, घटला तर उतरून समोरच्या फलाटावर जायचे. चूक झाली तरी ती एका स्थानकापुरती राहते. मुंबईच्या लोकलचा अनुभव असेल तर दुसरी गोष्टही लगेच कळेल: एकाच फलाटावर धीम्या आणि जलद अशा दोन्ही गाड्या येतात, तेव्हा फलाट जुळला म्हणून चढू नये, फलकावरची सुटण्याची वेळ वहीतल्या वेळेशी मिनिटासकट जुळवावी आणि मगच चढावे. परतीच्या दिवशी ओसाकाहून कान्साई विमानतळाकडे जाताना याहून जास्त सावध राहा. त्या मार्गावरच्या काही जलद गाड्या हिनेनो स्थानकात दुभंगतात. काही डबे विमानतळाला जातात, उरलेले वाकायामाला. चढताना डब्यावरचे गंतव्य वाचा. मोठ्या स्थानकांत गाडीपेक्षा बाहेर पडणे कठीण असते (टोकियोच्या शिंजुकु स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत), म्हणून हॉटेल निवडतानाच जवळच्या दाराचा क्रमांक वहीत टिपून ठेवा आणि चुकीच्या दाराने बाहेर पडलात असे वाटले तर रस्त्यावरून शोधत न फिरता पुन्हा आत या.

रेल्वेचा सात दिवसांचा पास मी तुम्हाला घ्यायला सांगणार नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली, आणि पुढे मी सुचवलेल्या, टोकियोपासून ओसाकापर्यंतच्या एकमार्गी प्रवासाची सुटी तिकिटे त्यापेक्षा बरीच स्वस्त पडतील.

खाण्याच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला धीर देऊन मोकळी होणार नाही, कारण भाषा न येण्याची खरी किंमत तुम्हाला इथे मोजावी लागेल. जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचा रस्सा आहे, आणि तो बहुतेक वेळा काट्सुओ या माशाच्या वाळवलेल्या कातळ्यांपासून करतात. मिसोचे (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे) सूप, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, सोबा या बारीक शेवयांबरोबरचे बुडवण, उकडलेल्या भाज्या, या सगळ्यांत तो असू शकतो आणि दिसत नाही. उपाहारगृहांच्या काचेत पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती मांडलेल्या असतात, त्यांच्याकडे बोट दाखवून मागवणे इतरांना सोयीचे असले तरी तुम्हाला ते उपयोगाचे नाही, कारण प्रतिकृतीत भाजी दिसते, रस्सा कशाचा आहे ते दिसत नाही. "मी शाकाहारी आहे" एवढे म्हणणेही पुरत नाही, कारण पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ मांस नको एवढाच होतो. बंद पाकिटावरच्या ॲलर्जीच्या यादीवर भरवसा ठेवू नका. तीत अंडी आणि दूध असतात, काट्सुओ नसतो.

यावर उपाय एकच, आणि तो पुण्यात सहज होण्यासारखा आहे. जपानी शिकणारे आणि शिकवणारे जितके पुण्यात आहेत तितके भारतात फार थोड्या शहरांत असतील. अशा एखाद्या शिक्षकाकडून किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून एक कार्ड नीट, नम्र जपानीत लिहून घ्या. त्यात मांस, मासे, अंडी, माशाची दाशी आणि प्राण्यांची चरबी चालत नाही हे एकेक नाव घेऊन लिहावे, भात, टोफू, भाज्या, दूध, समुद्रशेवाळाची म्हणजे कोम्बूची दाशी चालते हेही लिहावे, आणि शेवटी "यातले काही देता येणार नसेल तर कृपया तसे सांगा, मी दुसरीकडे जाईन" असे वाक्य घालावे. हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. त्यामुळे समोरच्याला नकार देणे सोपे जाते आणि तुमच्या ताटात अंदाजाने काही येत नाही. कार्डाच्या दहा प्रती न्या. गर्दीच्या वेळी ते पुढे करू नका, जेवणाच्या वेळेच्या थोडे आधी जा.

आणि रोज दोन्ही वेळचे जेवण बाहेर मिळेल असे धरून चालू नका. साधा शिजवलेला भात लहान दुकानांतही पाकिटात मिळतो, त्यावर घरचे मेतकूट आणि कोरडी चटणी असली की एक वेळ निभते. ताजी फळे, भाजी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबे नेऊ नका, विमानतळावर वनस्पती तपासणीत ती अडवली जातात. भारतीय-नेपाळी उपाहारगृहे जपानच्या लहान गावांतही आढळतात, ती चालवणारे पुष्कळदा नेपाळी असतात आणि त्यांच्याशी हिंदीत बोलता येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सतत खुणा करून माणूस थकतो तेव्हा, अशा ठिकाणी तासभर बसून आपल्याला कळणाऱ्या भाषेत दोन वाक्ये बोलावीत. त्यात कमीपणा मानू नका. भाषा न कळणाऱ्या ठिकाणचा थकवा पायांत आधी जाणवत नाही, डोक्यात जाणवतो, आणि चुका त्याच थकव्यात होतात.

म्हणूनच चौदा दिवसांत सहा शहरे करण्याचा मोह टाळा. टोकियोत चार रात्री, क्योटोत चार, ओकायामात तीन, कोयासानच्या डोंगरावर एक आणि परतीच्या आदली रात्र ओसाकात, अशी रचना मी सुचवीन. ओकायामाला तीन रात्री जास्त वाटतील, पण तुम्ही ज्या बागेसाठी जात आहात ती सकाळी आणि संध्याकाळी वेगळी दिसते, आणि इतक्या लांब जाऊन घड्याळ पाहत बसण्यात अर्थ नाही. ती १७०० साली पूर्ण झाली आणि जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत गणली जाते. क्योटोत नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पानांच्या रंगासाठी प्रचंड गर्दी होते, शिवाय ३ आणि २३ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा राहण्याची सोय आत्ताच करा. सूर्य त्या दिवसांत साडेचार-पावणेपाचलाच मावळतो. नव्या गावी तुम्ही दुपारी तीनच्या आत पोहोचाल, हा नियम स्वतःला घालून घ्या आणि तो मोडू नका.

कोयासानचा आग्रह दोन कारणांसाठी आहे. तिथल्या मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची सोय असते आणि जेवण भिक्षूंच्या परंपरेतले, मांस-मासळीविरहित असते. कार्ड न दाखवता निर्धास्तपणे जेवता येईल अशी ही प्रवासातली बहुधा एकमेव रात्र. जेवण संध्याकाळी लवकर वाढतात, म्हणून उशीर करू नका. दुसरे कारण असे की हा मठ नवव्या शतकात स्थापणारे कुकाई हे भिक्षू चीनमध्ये संस्कृत शिकून आले होते, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सिद्धम् लिपीची अक्षरे तिथल्या ओकुनोइन या विशाल दफनभूमीतील दगडी स्तूपांवर कोरलेली आहेत. पाच थरांच्या स्तूपावर वरून खाली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरे असतात: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. सिद्धम् आणि देवनागरी या दोघींचे मूळ ब्राह्मीत आहे. दहा दिवस सगळीकडे अनोळखी अक्षरे पाहून झाल्यावर तिथे थोडा वेळ थांबा आणि ती शोधा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. भारतीयांना २०२४ च्या एप्रिलपासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, पण विमानतळावर तो चालू इंटरनेटवर फोनमध्येच उघडून दाखवावा लागतो, छापील प्रत किंवा पडद्याचा फोटो चालत नाही, म्हणून तिथे चालणारे इंटरनेट निघण्याआधीच घ्या. पासपोर्ट कायम अंगावर बाळगणे परदेशी व्यक्तीला बंधनकारक आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एक महिन्यापुरती, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर त्या नेण्यास बंदी आहे, केमिस्टकडून तपासून घ्या. प्रवास विमा काढल्याशिवाय निघू नका. आजारपणात आपली भाषा अपुरी पडते हे मान्य करून वहीच्या शेवटच्या पानावर रक्तगट, आजार, औषधांची शास्त्रीय नावे इंग्रजीत आणि जपानीत लिहून ठेवा. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिकेसाठी ११९. तिथे 'क्यूक्यू देस्' म्हटले की रुग्णवाहिका हवी आहे हे कळते. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेचा ०५०-३८१६-२७८७ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर इंग्रजीत बोलता येते.

फोनमधील भाषांतर वापरायला माझी हरकत नाही, पण ते इंग्रजीतून करा आणि वाक्यात कर्ता घाला. मराठी आणि जपानी, दोन्ही भाषांत "उद्या येणार नाही" असे कर्त्यावाचून बोलता येते, आणि तेव्हा कोण येणार नाही हे यंत्र स्वतःच्या मनाने ठरवते. एका वाक्यात एकच गोष्ट लिहा, मिळालेले भाषांतर उलट फिरवून पाहा, अर्थ टिकला तरच दाखवा.

मुलाच्या हाती तुमच्या वहीच्या सर्व पानांचे फोटो द्या, म्हणजे तुम्ही कोणत्या रात्री कुठे आहात हे त्याला कळेल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुम्ही रात्री नऊला खोलीत पोहोचून निरोप पाठवलात की त्याच्याकडे साडेपाच वाजलेले असतील. रोज एकच ठरलेली वेळ असावी. दिवसभर चौकशीचे फोन सुरू राहिले तर तुम्ही समोरच्या माणसाकडे पाहणार नाही, फोनकडे पाहाल.

शक्य असेल तर त्याआधी एक छोटी तालीम करा. पावसाळा संपत आला की दोन-तीन दिवस एकटीने तंजावरला जाऊन या. तमिळ लिपी तुम्हाला वाचता येणार नाही, बसवरच्या पाट्या कळणार नाहीत, आणि तरी वही दाखवून जेवणे, परत खोलीवर येणे तुम्हाला जमते का, हे आपल्याच देशात कळेल. बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेखही पाहता येईल.

शेवटी, वहीत एक वाक्य असे लिहा ज्यात काही मागायचे नाही. आतापर्यंत सांगितलेली सगळी वाक्ये मदतीची, अडचणीची, नकाराची आहेत, आणि चौदा दिवस केवळ तेवढेच बोलत राहिले तर मन खट्टू होते. कोराकुएनच्या दाराशी तिकीट तपासणाऱ्याला किंवा बाकावर शेजारी बसलेल्या आजींना तुम्ही हे म्हणू शकाल: "वाताशि नो माचि नि मो कोराकुएन् गा आरिमास्." वाताशि नो म्हणजे माझ्या, माचि नि म्हणजे गावात, मो म्हणजे 'सुद्धा' या अर्थाचा 'ही', आरिमास् म्हणजे आहे. माझ्या गावातही कोराकुएन आहे. शब्दांचा क्रम मराठीचाच आहे, पाठ करायला एक दिवस पुरेल. पुण्याच्या बागेतला एखादा फोटो छापून वहीत ठेवा आणि हे म्हणताना तो त्यांच्यापुढे धरा.